बाजूचं फाटक

राइडच्या दारावरच्या पिवळ्या सदऱ्यातल्या माणसाने त्या बहीणभावांना लांबूनच पाहिलं होतं. व्हीलचेअर लांबूनच दिसते. तो लगबगीने पुढे आला, बाजूच्या फाटकाची साखळी काढून हातात धरली आणि घरच्या माणसाला बोलवावं तसं म्हणाला, "या, तुम्ही इकडून या." तिने सवयीने खुर्ची वळवलीसुद्धा. पुढची लहान चाकं उंबऱ्यावर चढली आणि तेवढ्यात धाकट्याने दोन्ही हात मोठ्या चाकांवर दाबून खुर्ची जागच्या जागी थांबवली. "नको," तो म्हणाला, "आम्ही रांगेत उभे राहतो." ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. चुकीची काच डोळ्यासमोर आली की गिऱ्हाईक काही बोलत नाही, नुसतं डोकं जरासं मागे घेतं. तिने तसंच डोकं मागे घेतलं. पिवळा सदरा हसला. त्याला वाटलं, यांना कळलं नाही. "याचे पैसे नाहीत साहेब. पैशाचं ते पलीकडचं, निळ्या पट्टीवाल्यांचं. हे फुकट आहे." धाकटा म्हणाला, "माहितीये. फुकट आहे ते माहितीये." मग त्याने स्वतःच खुर्ची मागे घेतली, आणि खुर्चीच्या मागच्या मुठी तिच्या हातात असल्यामुळे तीही मागे आली.

राइड होती होड्यांची. खोट्या डोंगराच्या पोटात पाणी खेळवलेलं होतं आणि त्यातून होड्या अंधारात जायच्या, कुठेतरी वळायच्या आणि पलीकडच्या तोंडातून उजेडात यायच्या. डोंगराला तीन वाटा होत्या. एक निळ्या पट्टीची: तिकिटावर जादा पैसे भरले की मनगटाला निळी पट्टी मिळायची आणि ती माणसं थांबल्याशिवाय, चालता चालता बोलत आत जायची. दुसरं हे बाजूचं फाटक. आणि तिसरी रांग. रांग लोखंडी कठड्यांमधून वळत, परत वळत, डोंगराच्या सावलीत शिरत होती. वर पंखे लावलेले होते, त्यांच्यातून पाण्याचा बारीक धुरळा उडत होता आणि उभ्या माणसांच्या केसांवर बसत होता. तिने खुर्ची रांगेच्या शेपटाला नेऊन लावली. वाट खुर्चीहून थोडीशीच रुंद होती, पण खुर्ची वळवण्याइतकी नव्हती. तिला कळेना, आपण आता काय करायचं. हात कुठे ठेवायचे, बघायचं कुठे. रांगेत उभं राहणं ही काही शिकायची गोष्ट नाही, पण ती ते शिकलीच नव्हती. धाकटा तीन वर्षांचा असताना त्याचे पाय गेले, आणि तेव्हापासून या घरातलं कुणी कधी कुणाच्या मागे उभं राहिलं नव्हतं.

आईचा एक खास आवाज होता. घरात ती तो कधी काढायची नाही. "जरा बाजूला," एवढंच, पण त्यात विनंती किती आणि हुकूम किती हे ऐकणाऱ्याला ठरवता यायचं नाही, आणि ठरवेपर्यंत आई पुढे गेलेली असायची. पुढे आई, तिच्या कडेवर धाकटा, आणि मागे आईच्या पिशवीचा बंद धरून ही. सिनेमाच्या तिकिटाला, दवाखान्यात, शाळेच्या प्रवेशाला, रॉकेलला. लोक सरकायचे. बंद धरलेल्या मुलीला ते चेहरे बाजूने दिसायचे, एकामागून एक, खिडकीतून दिसावेत तसे: एक कान, एक गाल, तोंडातला घास चावताना थांबलेला जबडा. कुणाच्या चेहऱ्यावर दया असायची. कुणी घड्याळ बघायचं. एकदा एका बाईने कडेवरच्या धाकट्याकडे पाहिलं, मग हिच्या धडधाकट पायांकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत जरासं लंगडत चालली होती. आईच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. आता रांगेत उभं राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला माणसांच्या पाठी ओळखीच्याच नाहीत. पुढे पाठीच पाठी होत्या. घामाने नकाशे उमटलेल्या, पिशव्यांचे पट्टे रुतलेल्या, कुणाच्या मानेवर केस कापताना राहून गेलेली एक बट. जगातली एकच पाठ तिला पाठ होती, आणि ती तिच्या पुढ्यात खुर्चीत बसलेली होती. उजवा खांदा किंचित वर, मानेवर तीळ, बोलायच्या आधी कानामागे खाजवायची सवय. इतकी वर्षं ती त्याच्या डोक्याच्या मागच्या भागाशीच बोलत आली होती.

पुढे एक बाई होती, तिच्याबरोबर तिचे म्हातारे वडील. बाई बेकरी चालवायची, ते तिने लगेच सांगूनही टाकलं, कारण म्हाताऱ्यांनी कठड्यावर हात ठेवून "गरम आहे" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, भट्टीपुढे जन्म गेला आणि तुम्हाला कठडा गरम लागतो?" मागे एक दंतवैद्य आणि त्याची बायको. दंतवैद्याने आपण होऊन काही सांगितलं नव्हतं, पण बायको त्याला डॉक्टर म्हणत होती आणि तो समोरच्याशी बोलताना डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघत होता. रांग पुढे सरकली, थांबली, सरकली. शेजारच्या वाटेने निळ्या पट्टीचा एक घोळका हसत गेला. बेकरीवालीने त्यांच्याकडे पाहून नुसतं नाक उडवलं. दंतवैद्य म्हणाला, "त्यात वाईट काय आहे पण? त्यांना वेळ नाही, आपल्याला पैसे नाहीत. ज्याच्याकडे जे जास्त, ते त्याने द्यावं."

"आणि आपला वेळ जातो तो?" बेकरीवाली म्हणाली. "ते आत गेले की आपली होडी लांबते. त्यांनी पैसे तुम्हाला दिले का मला दिले? माझ्याकडे पहाटे पाव निघतो तेव्हा अशीच रांग असते. जादा पैसे देणाऱ्याला मी आधी द्यायला लागले, आणि पाव संपला, तर शेवटच्या माणसाला काय तोंड दाखवू?"

"तुम्ही जास्त पाव करा."

"होड्या करा की जास्त मग, पट्ट्या कशाला विकता?"

दंतवैद्याची बायको हसली. म्हणाली, "हे बोलतात, पण पट्टी घ्यायला पाकीट काही उघडलं नाही." मग सगळेच थोडेसे हसले, आणि दंतवैद्य मोकळेपणाने म्हणाला, "महाग होती हो." आणि मग तो खाली, खुर्चीकडे बघून, आवाज मऊ करून म्हणाला, "यांचं वेगळं. यांना तर पुढे सोडायलाच हवं. तुम्ही का नाही गेलात तिकडून?"

 हा प्रश्न तिने हजार चेहऱ्यांवर उलटा वाचला होता: तुम्हीच का पुढे? तिने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण धाकट्याने कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "ते फाटक पाहिजेच. ज्याला उन्हात उभं राहवत नाही, दुखतं, गर्दीत घाबरायला होतं, त्याला पाहिजे. पण मला बघा. या सबंध रांगेत बसून असलेला मी एकटाच आहे. सगळ्यांत आरामात मी." म्हाताऱ्यांना ते फार आवडलं. त्यांनी मान डोलावली आणि दोन्ही हात कठड्यावर टेकून जरा वाकून त्याच्याकडे पाहिलं. धाकटा पुढे म्हणाला, "शिवाय पैसे भरून जाणाऱ्याला मागचे निदान शिव्या तरी देतात. मला लहानपणापासून कुणी शिवीसुद्धा दिली नाही. सगळे नुसते सरकतात."

ती ते ऐकत होती आणि ऐकत नव्हती. पंख्याचा धुरळा तिच्या पापण्यांवर जमत होता आणि पुढच्या पाठींच्या कडा विरघळत होत्या. दुकानात ती दिवसभर एकच प्रश्न विचारायची, आता बरं दिसतंय की आधी बरं होतं, आणि माणसं गोंधळून म्हणायची, परत दाखवा ना आधीचं. तिला वाटलं, आपणही म्हणावं, परत दाखवा. साखळी काढून धरलेला तो माणूस, आणि आपण सरळ आत. एव्हाना आतून बाहेर येऊन, झाडाखाली बसून, घरी जायची बस किती वाजताची हे बघत असतो. रविवारी मोकळी आहेस का, असं धाकट्याने चार दिवसांपूर्वी विचारलं तेव्हाच तिला जरा नवल वाटलं होतं. तो घरी बसून कपडे धुण्याच्या यंत्रांची, पंख्यांची, इस्त्र्यांची माहितीपत्रकं भाषांतरित करायचा. यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री करूनच झाकण उघडावे, असली वाक्यं तो जेवताना गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवायचा आणि तिला हसवायचा. आपणहून कुठे जाऊ या असं तो म्हणत नसे. ती न्यायची, तो यायचा. तिने त्याला समुद्र दाखवला होता, डोंगर दाखवला होता, दोन मजली बसच्या खालच्या मजल्यावर पुढची जागा मिळवून दिली होती. एक भूगोलाचे शिक्षक होते. चष्मा करायला आले आणि मग चष्म्याचं काम नसतानाही येत राहिले. थांबतो मी, घाई नाही, असं ते म्हणाले होते. थांबले. पुष्कळ थांबले. मग नाही थांबले. त्यांच्या डोळ्यांचे नंबर तिला अजून पाठ होते, आणि ते आता वाढले असणार हेही तिला ठाऊक होतं.

रांग डोंगराच्या सावलीत शिरली तशी गार हवा लागली आणि तिला दवाखान्याचा तो हिरवट रंगाचा व्हरांडा आठवला. आईला नेलं होतं. धाकटा घरी होता, त्याला ताप होता. त्या दोघीच गेल्या, आणि दोघींच्या पुढे माणसं होती, बाकांवर, भिंतीला टेकून, जमिनीवर. आई शेवटच्या बाकाच्या कडेला बसली. आजारी होती तीच, पण दिसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ही डोळ्यांनी शोधत होती. कुठेतरी बाजूचं एक दार असणार, कुणीतरी येऊन साखळी काढणार. किती वेळ गेला. मग आई तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "त्याला आणायला हवं होतं." आणि हसली. हीही हसली. दोघी अंग हलेपर्यंत, आवाज न करता हसल्या, आणि मग एकदम दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. समोर भिंतीवर एक पाल होती. पाल हलेना. आईचा नंबर आला तेव्हा ती झोपली होती आणि तिला उठवायला हिचा हात होईना, कारण त्या बाकावर, तोंड थोडं उघडं टाकून झोपलेली आई पहिल्यांदाच कुठेही न निघालेल्या माणसासारखी दिसत होती. हे तिने धाकट्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात?

"पुढच्या महिन्यात," धाकटा म्हणत होता. "खोली तळमजल्यावर आहे. दाराला उंबरा नाही, ते आधी बघितलं. नव्या नोकरीचं ऑफिस तिथून जवळ आहे, रस्ता सपाट आहे."

बेकरीवालीने विचारलं, "एकटेच?"

"एकटाच."

तिला आधी वाटलं, तो कुठल्या तरी माहितीपत्रकातलं वाक्य म्हणून दाखवतोय. मग शब्द एकेक करून जागेवर बसले, उशिरा, काच फिरवत नेल्यावर अक्षरं बसतात तसे. खोली. पुढचा महिना. एकटाच. बेकरीवालीने धाकट्याच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ती जे समजायचं ते समजली. तिने वडिलांचा दंड धरला, त्यांचं तोंड पुढे केलं आणि "बाबा, ते बघा, होडी दिसायला लागली," असं म्हणून स्वतःही पाठ फिरवली. त्या पाठीवर पिठाचा एक पांढरा डाग होता, सुटीच्या कपड्यांवरसुद्धा.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याला वळता येत नव्हतं. तो समोर बघूनच बोलत होता. "ऐकलंस ना?"

"कुठल्या गावाला?"

त्याने गाव सांगितलं. रात्रभराच्या प्रवासाचं होतं.

"आत्ता सांगतोयस. इथे."

"घरी तीनदा सांगायला गेलो. मी तोंड उघडलं की तू उठतेस. दूध उतू जातं, दाराशी कोणी येतं, तुला कपडे आत घ्यायचे असतात. इथे तुला कुठे जाता येणार नाही म्हणून म्हटलं, रांगेत सांगू. त्या फाटकातून गेलो असतो तर पाच मिनिटांत बाहेर. पाच मिनिटांत हे सांगून होत नाही."

तिने मागे पाहिलं. दंतवैद्य आणि त्याची बायको दोघंही छताकडे बघत होते, छतावर बघण्यासारखं काही असल्यासारखे. त्यांच्या मागे माणसं, त्यांच्या मागे माणसं, कठडे, वळण. पुढेही तेच. आपल्याला खरंच कुठे जाता येणार नाही, हे तिला कळलं. तिला भूक लागल्यासारखं वाटलं. खुर्चीच्या मुठींचं रबर घामाने चिकट झालं होतं. ती दोन मुठी धरून उभी होती, पण कोण कुणाच्या आधाराने उभं आहे हे एखाद्याला बाहेरून सांगता आलं नसतं. त्याच वेळी आतल्या बाजूला आणखी एक पिवळा सदरा कठड्याशी आला. हा नवखा होता. त्याने खुर्ची पाहिली आणि ओशाळून म्हणाला, "अरे, तुम्हाला रांगेत का ठेवलं? मॅडम, इथून आडवं काढतो, या. थेट होडीपाशी." त्याने कठड्यातलं लहान दार उघडलंही. मागून दंतवैद्य घाईने म्हणाला, "हो हो, जा तुम्ही." पुढची माणसं न सांगता अंग चोरून सरकली. सगळे चेहरे बाजूने दिसू लागले.

ती उघड्या दाराकडे बघत राहिली. इतकी सोपी गोष्ट होती. गेलं की झालं. मग होडी, अंधार, पाण्याचा आवाज, आणि बाहेर आल्यावर बसची वेळ. आणि घरी गेल्यावर दूध.  धाकट्याने या वेळी चाकं धरली नाहीत. हात मांडीवर ठेवले होते, आणि उजवा खांदा रोजच्यापेक्षा जास्त वर होता.

"नको," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आमचं बोलणं चाललंय."

दार लागलं. माणसं पुन्हा आपापल्या जागी आली. ती दोघं बोलली, अधूनमधून, रांग सरकेल तशी.

"पडलास तर?"

"पडेन."

"उठवायला कोण?"

"वेळ लागेल मला. पण उठतो मी, ताई. तू दुकानात असतेस तेव्हा पडतोच की. तुला सांगत नाही."

हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्याच्या मानेवरच्या तिळाकडे बघत राहिली. किती वेळा, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. रिकाम्या घरात, दुपारी, फरशीवर पडलेला तो तिला दिसला. आणि मग, हळूहळू, कशाला तरी धरून, उठलेला. त्या घरातली ती दुपार आपल्या ओळखीची नाही, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात दुःख होतं तितकंच एक विचित्र हलकंपणही होतं, त्यामुळे तिला स्वतःचाच राग आला.

"आई असती तर जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली.

"हो." कानामागे खाजवून तो म्हणाला, "आई असती तर मी विचारलंही नसतं. तिला मी लागायचो."

मग तिने त्याला हिरव्या व्हरांड्याची गोष्ट सांगितली. कशी सुरुवात केली ते तिला कळलं नाही. सगळी सांगितली, पालीसकट. आई काय म्हणाली तेही सांगितलं. त्याची पाठ आधी स्थिर राहिली, मग हलायला लागली. तिला वाटलं तो रडतोय. वाकून पाहिलं तर तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, अगदी त्या दोघी हसल्या होत्या तसा. "न्यायला हवं होतं मला," तो म्हणाला. "तापातसुद्धा आलो असतो." तिला त्याचा चेहरा वाकून पाहावा लागत होता म्हणून ती कठडा आणि खुर्ची यांच्या मधल्या फटीतून अंग चोरत त्याच्या बाजूला आली. तिथे जेमतेम एक माणूस मावत होतं. रांग सरकली की आता खुर्ची तो स्वतः सरकवत होता आणि ती शेजारून एकेक पाऊल टाकत होती. "चिडलीस?" त्याने विचारलं. "हो," ती म्हणाली. "चिडणार आहे अजून. पुष्कळ दिवस." तो म्हणाला, "चालेल."

धक्क्यापाशी पाणी काळं होतं आणि त्यावर दिव्यांचे तुकडे हलत होते. होडीत तिघांची एक फळी होती. होडी सोडणाऱ्या माणसाने बेकरीवाली आणि तिचे वडील यांना बसवलं, एक जागा उरली तशी मागे बघून विचारलं, "एकटं कोणी आहे का?" ती त्याला सांगणार होती की आम्ही दोघं आहोत, आम्ही पुढच्या होडीत बसतो. "मी," धाकटा म्हणाला. त्याने खुर्चीचा ब्रेक लावला, होडी सोडणाऱ्याला आपला डावा दंड दिला, म्हाताऱ्यांनी आतून दुसरा हात धरला, होडी एकदा जोरात कलली, बेकरीवालीने कुणाचा तरी सदरा पकडला, आणि तो बसला. थोडा वाकडा बसला. खुर्ची एकाने उचलून पलीकडच्या धक्क्याकडे नेली. होडी अंधारात गेली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण म्हातारे त्याला काहीतरी सांगत होते.

पुढच्या होडीत ती दंतवैद्य आणि त्याच्या बायकोच्या शेजारी, कडेला बसली. आत पाणी कुठूनतरी ठिबकत होतं. अंधार इतका होता की डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच, आणि तिने ते मिटले. हातांना धरायला काही नव्हतं म्हणून ते तिने मांडीवर ठेवले; ते तिथे दोन पाहुण्यांसारखे बसून राहिले. पुढे कुठल्या तरी वळणावर कोणीतरी हसलं. तो धाकटा असेल, नसेलही. डोंगराच्या पोटात सगळ्यांचं हसणं एकाच आवाजाचं होऊन येत होतं. होडी वळली, परत वळली. तिला वाटलं, आपण हे पाणी ओळखतो, फार लहानपणी, बंद धरायला शिकण्याच्याही आधी. मग लांबवर राखाडी उजेड आला, त्याचा दरवाजा झाला आणि दरवाजाच्या अलीकडेच, अंधारातच, होडी हलकेच कशाला तरी लागून थांबली. पुढे तिला उजेडातला धक्का दिसत होता. धाकट्याची होडी तिथे लागली होती. दोन पिवळे सदरे त्याला उतरवत होते. एकाने त्याला चुकीच्या जागी धरलं होतं, काखेत. काखेत धरलं की त्याला दुखतं. ती अर्धवट उठली आणि होडी कलली, दंतवैद्याच्या बायकोने तिचा हात पकडला. तिकडे धाकट्याने मान हलवली, काहीतरी म्हणाला, सदऱ्याने हात काढून दुसरीकडे धरला. ती खाली बसली. खुर्ची थोडी लांब ठेवली होती, ती कोणीतरी आणत होतं. कुणालाही घाई दिसत नव्हती.

"अडकली वाटतं होडी," शेजारून दंतवैद्याची बायको म्हणाली.

"नाही," ती म्हणाली. "पुढची माणसं उतरतायत."